पंचवीस दिव्यांची शेगडी

कडूबाला नाही म्हणता येत नसे. गावात याचं मोठं कौतुक होतं. कौतुक करणाऱ्याच्या पदरचं काही जात नाही, म्हणून असल्या माणसाचं कौतुक करायला गाव सदा तयार असतं. खरं तर विचारावं त्याच्या घरातल्यांना. कडूबाच्या घरात विचारण्यासारखं एकच माणूस होतं, त्याची बायको तानाबाई, आणि तिला कोणी कधी विचारलं नाही.

गाव उंद्रीपासून आत, बाजार करून माणूस दिवस मावळायच्या आत पायी घरी येईल एवढ्या अंतरावर. काळी जमीन, कापूस, ज्वारी, तूर. घरं धाब्याची, वर मातीचं सपाट छत, आणि एका घराची पाठ दुसऱ्या घराला लागलेली. कडूबाच्या आधी त्याच्या आईची तीन लेकरं गेली होती. चौथं तरी राहावं म्हणून त्याला हे कडू नाव ठेवलं, की काळानं तोंडात घातलं तरी थुंकून टाकावं. नाव लागू पडलं, पण आईच्या अंगावर दूध येईना. तेव्हा उजव्या अंगाच्या शेजारणीनं, पुढे जिच्या घरात सरस्वतीबाई नावाची सून आली तिनं, आपल्या लेकाच्या जोडीला कडूबाला पाजलं. आईनं ही गोष्ट त्याला लहानपणी इतक्यांदा सांगितली की ती त्याच्या हाडीमाशी गेली. आपण गल्लीच्या दुधावर वाढलो, तेव्हा गल्लीनं मागावं आणि आपण द्यावं, एवढाच त्याचा धर्म.

पेरणीला ऐन वाफसा आला की कडूबाची तिफन दुसऱ्याच्या वावरात असायची. त्याचे बैल कोणाच्या तरी गाडीला, त्याची कुऱ्हाड कोणाच्या तरी बाभळीवर. तानाबाईची जीभ तिखट होती. ती दारात असली की मागणारा आल्यापावली परत जायचा. लोकही शहाणे, ती निंदायला गेलेली पाहूनच यायचे. संध्याकाळी घरातली एखादी वस्तू दिसली नाही की ती कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, भीड भिकेची बहीण असते, अन् आपल्या घरात ती सवत होऊन बसली आहे. कडूबा हसायचा. त्याचं हसणं इतकं निर्मळ होतं की तिचा राग भाकरी थापेपर्यंत टिकत नसे.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा गावात विजेचे खांब आले. आधी ग्रामपंचायतीपुढे दिवा लागला, मग ज्यांनी अर्ज केले त्यांच्याकडे. त्या गल्लीत पहिला मीटर कडूबानं घेतला, तोही तानाबाईच्या हट्टानं. तिला साऱ्या जन्मात एक गोष्ट हवी होती, चुलीपाशी उजेड. तिची स्वयंपाकाची खोली घराच्या पोटात होती. पुढे एक खोली, तिच्या दाराशेजारी भिंतीवर मीटर, आणि मागे चूल. मागच्या भिंतीला दार नव्हतं, तिथं दुसऱ्याचं घर सुरू व्हायचं. धुरानं आणि अंधारानं तिचे डोळे कायम लाल असत. लेक रुख्मिणी धाड गावी दिलेली, तिच्या सासरी दिवा होता. तिथं चार दिवस राहून आल्यापासून तानाबाईनं धोशा लावला होता. अखेर दिवा लागला. पहिल्या रात्री तिनं परातीत पीठ घेतलं आणि नुसती बघत राहिली, पिठात एक किडा स्वच्छ दिसत होता. तो तिनं बोटानं उचलून टाकला आणि इतक्या वर्षांत किती खाल्ले असतील म्हणून हसत सुटली. तिचं एवढं सुख कडूबानंही नंतर कधी पाहिलं नाही.

आता त्या गावची एक रीत सांगितली पाहिजे. सकाळी ज्याची चूल विझलेली असेल तो शेजारी गोवरी घेऊन जातो आणि तिच्यावर विस्तव घेऊन येतो. विस्तव मागायला आलेल्याला कोणी नाही म्हणत नाही, उभं भांडण असलं तरी. कारण विस्तव दिल्यानं देणाऱ्याची चूल थंड होत नाही. कडूबाला वीज कळली ती याच रीतीनं. तो चुकला असं म्हणणं सोपं आहे, पण त्याला दुसरं काय माहीत होतं? तारेतून दिवा लागतो. दुसरी तार जोडली की दुसरा दिवा लागतो, आणि पहिला काही विझत नाही. मग विस्तव आणि वीज यांत फरक तो काय?

पहिला आला सहदेव. त्याचं घर कडूबाच्या डाव्या अंगाला. गाय व्यायला झाली होती, गोठ्यात एक दिवा असता तर बरं झालं असतं, दोन दिवसांपुरता. गाय व्याली, कालवड फिरायला लागली, तार काही निघाली नाही. मग मागच्या घरात पाहुणे येणार होते, त्यांनी तार नेली. मग समोरच्या दोन घरांनी रस्त्यावरून नेली. पुढच्या खोलीत मीटरखाली तारांचा गुंता झाला. कोणी कुठं पीळ मारून जोडली, त्यावर लुगड्याची चिंधी बांधली. छताच्या तुळयांवरून तारा इकडेतिकडे पसरल्या. संध्याकाळी साऱ्या गल्लीत दिवे लागले की कडूबा ओट्यावर बसून बघायचा. येणाराजाणारा म्हणायचा, कडूबा, तुझ्यामुळं गल्लीत दिवाळी आहे. त्याच्या छातीत गोड वाटायचं.

घरात तानाबाईचा दिवा मात्र पिवळा पडत चालला होता. दिवेलागणीला सगळ्यांनी बटणं दाबली की तिच्या दिव्यातली तार नुसती तांबूस दिसायची. माझ्या दिव्याला कावीळ झाली, असं ती म्हणायची. परातीतले किडे पुन्हा दिसेनासे झाले. तिनं चुलीपाशी परत रॉकेलची चिमणी लावायला सुरुवात केली, वर विजेचा दिवा टांगलेला असताना. एकदा जेवायला वाढता वाढता तिनं नवऱ्याला विचारलं.

"एका इहिरीवर चार मोटा लावसान काय तुमी?"

कडूबा म्हणाला, विहिरीचं पाणी खाली जाताना दिसतं. तळ दिसला की माणूस मोट थांबवतो. मीटरात कुठं तळ दिसतो? तो तर गरगर फिरतच असतो. खरं सांगायचं तर साऱ्या गावात विजेची गोष्ट तिलाच तेवढी बरोबर कळली होती, आणि ती चुलीपाशी बसली होती.

मग फ्यूज उडायला लागला. मीटरखाली चिनी मातीची एक पांढरी डबी होती, तिच्यात केसासारखी बारीक तार. ती जळाली की सगळी गल्ली अंधारात. लाइनमन महादेवराव उंद्रीहून सायकलवर यायचा. मोठ्या आवाजाचा, पोट सुटलेला, चहाला कधी नको न म्हणणारा माणूस. त्यानं तारांचा गुंता पाहिला आणि डोक्यावरची टोपीच काढली. त्यानं कडूबाला समजावलं की ही सर्व्हिस, म्हणजे खांबावरून आलेली तार, एका घराची आहे. चार-पाच दिवे, फार तर एक रेडिओ. त्याच्यावर वजन पडलं की तार तापते. ही बारीक तार मुद्दाम बारीक ठेवलेली आहे, ती आधी जळते म्हणून घर जळत नाही. मग त्यानं पक्कड घेऊन शेजाऱ्यांच्या साऱ्या तारा तोडल्या. कडूबा मान डोलावत प्रत्येक वाक्याला हाव, हाव म्हणाला. महादेवरावानं चहा घेतला, पिशवीत तुरीच्या शेंगा घेतल्या आणि तो गेला.

संध्याकाळी सहदेव दारात येऊन उभा राहिला. तो नुसता आपल्या अंधाऱ्या घराकडं बघत राहिला. तानाबाई आतून म्हणाली, लाइनमन काय सांगून गेला ते सांगा त्यांना. कडूबानं उठून स्वतःच्या हातानं तार जोडून दिली. मग बाकीच्यांचं तरी काय पाप? एकेक करून सगळ्या जोडल्या गेल्या. महादेवराव पुढच्या खेपेला आला तेव्हा त्यानं पाहिलं, मान हलवली आणि शेंगांची पिशवी पुढं केली. तोही काही देवमाणूस नव्हता. दर दोन दिवसांनी सायकल हाकत यायचा कंटाळा आला, म्हणून त्यानं कडूबाला फ्यूजची तार कशी बांधायची ते शिकवून ठेवलं. शिकवताना एकच बारीक तार बांधायची असं दोनदा सांगितलं. कडूबानं महिनाभर एक बांधली. ती उडत राहिली, लोक हाका मारत राहिले, तशी त्यानं दोन पिळून बांधल्या. त्या टिकल्या. आपल्याला युक्ती सापडली असं त्याला वाटलं.

त्या साली पौषात थंडी फार पडली. सरस्वतीबाईची लेक अन्नपूर्णा पहिलटकरीण, माहेरी आलेली. ती सातव्याच महिन्यात बाळंत झाली. मुलगी झाली, इवलीशी, रडण्याची ताकद नसलेली. सुईण म्हणाली, ऊब द्या, उबेवर जगली तर जगेल. निखाऱ्याची शेगडी खोलीत ठेवली तर धुरानं लेकराचा श्वास अडायला लागला. तेव्हा अन्नपूर्णेच्या नवऱ्यानं खामगावहून विजेची शेगडी आणली. चिनी मातीच्या चकतीत वेटोळ्याची तार, वीज सोडली की ती लालबुंद होते, धूर नाही, राख नाही.

सरस्वतीबाईचं घर उजव्या अंगाला. इतक्या तारा गेल्या पण तिच्या घरी तार गेली नव्हती, तिनं कधी मागितलीच नव्हती. ती पहिल्यांदा आली. सासूनं पाजलेल्या दुधाचा एक शब्द तिनं काढला नाही, आणि काढायची गरज नव्हती.

"भाऊ, लेकरू थंडं पडून राह्यलं," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवशी उंद्रीचा बाजार होता. कडूबा जवळजवळ धावतच गेला. महादेवराव चहाच्या दुकानात सापडला. कडूबानं विचारलं, गल्लीत एवढे दिवे चालतात तर त्यात एक शेगडी चालेल ना? महादेवराव म्हणाला, एक शेगडी म्हणजे पंचवीस दिवे. कडूबाला वाटलं तो चेष्टा करतो आहे. शेगडीला उजेड तो किती? एका दिव्याएवढाही नाही. जी वस्तू उजेड देत नाही ती वीज कशाला खाईल? गावात जो तो विजेचा खर्च उजेडावरून मोजायचा, त्याला कडूबा तरी अपवाद कसा असणार. पण महादेवरावाचा चेहरा या वेळी हसरा नव्हता. त्यानं कप खाली ठेवला.

"बाकी साऱ्यायच्या तारा काढा. दिवे बंद, फक्त शेगडी. तिले नवी तार टाका, सरळ, मधात जोड नाही पायजे. मंग पंधरा दिवस धकते. पन सारं मिळून नाही धकत, कडूबाभाऊ. कोनाले तरी नाही म्हना."

म्हणजे वाट होती. हे नीट ध्यानात ठेवलं पाहिजे, कारण पुढे गावानं दैवाला बोल लावला. लेकराला ऊब मिळाली असती आणि कोणाचंही काही बिघडलं नसतं. गल्लीतल्या चार घरांनी पंधरा दिवस पूर्वीसारखी चिमणी लावली असती, की झालं. त्यासाठी कडूबानं चार दारांत जाऊन एक शब्द बोलायचा होता.

तो गेलाही. तानाबाईनं त्याला ढकलूनच पाठवलं. सहदेवाच्या घरी तो बसला, चहा प्याला, कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. सहदेवानंच विषय काढला, की उद्या त्याला बेण्याचा ऊस आणायला गाडी लागेल. कडूबाची गाडी आपल्या कापसासाठी ठरलेली होती. पुढच्या खोलीत कापूस तुळईला लागला होता, मीटरच्या खालपासून मधल्या दारापर्यंत, मधे एक माणूस आडवं होऊन जाईल एवढी वाट. तो कापूस त्या आठवड्यात खामगावला जायचा होता. कडूबा म्हणाला, घेऊन जा. तारेचं काढायला गेला आणि गाडी देऊन आला. बाकीच्या तीन दारांत तो गेलाच नाही.

तानाबाईला त्याच्या तोंडावरूनच कळलं. ती ओरडली नाही. ती म्हणाली, निदान कापूस तरी मीटरपासून सरकवू. दोघांनी मिळून थोडा सरकवला, पण जागा कुठं होती? सरकवलेला कापूस पुन्हा घसरून तारांवर आला. मग कडूबानं सरस्वतीबाईकडं तार नेली. नवी पूर्ण लांबीची तार मिळाली नाही, दोन तुकडे जोडले, जोडावर चिंधी बांधली. शेगडी लावली तसा फ्यूज उडाला. दुहेरी तार असूनही उडाला. लेकराचे ओठ निळे दिसत होते, अन्नपूर्णा हुंदके देत होती. कडूबा घरी आला, त्यानं सर्व्हिसच्या तारेचा उरलेला जाड तुकडा शोधला, त्याचं टोक सोलून पांढऱ्या डबीत घट्ट आवळून बसवलं. आता उडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेगडी लाल झाली. सगळ्या गल्लीचे दिवे मंदावले, पण विझले नाहीत. तानाबाई मधल्या दारात उभी राहून त्याच्याकडं बघत होती.

"आता जळाले काय राह्यलं मंग?" तिनं विचारलं.

कडूबाला तो प्रश्न समजला होता. म्हणूनच तो दाराकडं वळला. लेकराकडं बघून येतो म्हणाला आणि गेला.

चार दिवस काहीच झालं नाही. असल्या गोष्टी पहिल्या दिवशी झाल्या तर माणूस शहाणा तरी होतो. पोर गुलाबी झाली, रडायला लागली, पाचव्या दिवशी तिनं आईचं दूध ओढलं. त्या संध्याकाळी सरस्वतीबाईनं कडूबाला बोलावून घेतलं. तो शेगडीजवळ बसला होता, आणि अन्नपूर्णेनं लेकरू त्याच्या मांडीवर दिलं होतं. दिवे लागायची वेळ. साऱ्या घरांनी बटणं दाबली. वेटोळ्याचा लाल रंग जरा उतरला, पुन्हा चढला, आणि एकदम काळा पडला. गल्लीभर अंधार झाला. फ्यूज गेला असं सगळे म्हणाले. जाड तार बसवलेली डबी आपली, ती जाणार कशी, हे कडूबाच्या मनात आलं. त्यानं लेकरू सरस्वतीबाईकडं दिलं आणि तो बाहेर आला. त्याच्या दारातून पांढरा धूर निघत होता.

कापूस वरून भडकत नाही. ठिणगी आत शिरते, आतल्या आत खात जाते, आणि बाहेरून ढीग तसाच पांढरा दिसतो. मीटरखालच्या जोडाची चिंधी केव्हा जळाली, ठिणगी केव्हा खाली पडली, कोणालाच कळलं नाही. तानाबाई चुलीपाशी होती. चुलीच्या धुरात तिला हा धूर वेगळा कळला नसावा. दिवा गेला, ठसका लागला, तेव्हा तिनं मधलं दार उघडलं. वारा मिळाला तसा ढीग पेटला. मागं भिंत होती. पुढं, कापसातून, तेवढी एकच वाट होती, आणि ती त्या वाटेनं आली.

कडूबानं तिला उंबऱ्यावर धरलं. त्याचे तळहात भाजले, ते पुढे कायमचे आखडले. लोकांनी माती टाकली, पाणी टाकलं. धाब्याच्या छतामुळं आग दुसऱ्या घरात गेली नाही. गाडी सहदेवाकडंच होती. त्यानं ती जुंपून आणली, आसूड मारत उंद्रीपर्यंत नेली, तिथून ट्रकनं दवाखान्यात. सारी वाट सहदेव रडत होता. माणूस वाईट नव्हता. त्या गल्लीत कोणीच वाईट नव्हतं, म्हणून तर हे सांगताना राग कोणावर काढावा ते कळत नाही.

नंतरचं आधीच सांगून टाकलेलं बरं. सरस्वतीबाईची नात जगली, मोठी झाली, तिचं लग्न झालं. वर्षाच्या आत गल्लीत घरोघर मीटर आले, अर्ज करायला कोणाला वेळ लागला नाही. कडूबाला कोणी दोष दिला नाही. त्यानं पुन्हा वीज घेतली नाही. कोणाच्या मांडवात, कोणाच्या भजनात तारा दिसल्या की तो जवळ जायचा, वाकून जोड बघायचा, शेगडी किती, दिवे किती, असं विचारायचा. नवी पोरं त्याला हसायची. पुढे पुढे कोणी काही मागितलं की तो घाबरल्यासारखा घरात जायचा. तिफन मोडली, बैल विकले, देण्यासारखंही काही उरलं नाही. असा तो पुष्कळ जगला. आईनं ठेवलेल्या नावाचा गुण, दुसरं काय.

पण आगीच्या दुसऱ्या दिवशी, दवाखान्यात, तो कॉटशेजारी जमिनीवर बसला होता. हातांना पट्ट्या. तानाबाईवर लोखंडी कमान ठेवून तिच्यावर पांढरी चादर टाकली होती, चेहरा तेवढा उघडा. चेहऱ्याला फारसं लागलं नव्हतं. सलाइन लावलेलं होतं. सकाळी सिस्टरनं कडूबाला बजावलं होतं, पाणी पाजायचं नाही, पोटात टिकणार नाही, उलटी होईल, श्वासात जाईल. मागितलं तरी द्यायचं नाही. समजलं का बाबा? कडूबा हाव म्हणाला. सिस्टरनं त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा विचारलं, नक्की समजलं ना? या वेळी त्याला खरंच समजलं होतं. महादेवरावानंही असंच दोनदा सांगितलं होतं.

तानाबाईनं दुपारपासून पाणी मागायला सुरुवात केली. आधी हळू, मग न थांबता. रुख्मिणी धाडहून आली होती. तिला आईचं तोंड बघवेना, तिनं तांब्या उचलला. कडूबानं पट्टी बांधलेल्या हातानं तो तिच्याकडून काढून घेतला आणि कॉटखाली दूर सरकवला. लेक बापावर चिडली, असा कसा बाप म्हणाली, आणि बाहेर जाऊन रडत बसली. कडूबा हलला नाही. साऱ्या जन्मात त्यानं कोणाचं काही ऐकलं नव्हतं असं तर नाही, पण ऐकून ते पाळलं नव्हतं. आज पाळलं तर ती वाचेल, असा त्यानं मनाशी हिशेब धरला होता. आपण एकदा, फक्त एकदा, शब्दाला चिकटून राहायचं.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं. तानाबाईनं डोळे उघडले.

"रुख्मीचे बाबा, पानी द्या."

"नाही," कडूबा म्हणाला.

ती त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला जणू नवल वाटत होतं.

"आज आलं तुमाले," ती म्हणाली. "बेस झालं."

त्यानंतर ती बोलली नाही. ओठ हलायचे, फुटलेले, कोरडे, वर पापुद्रे आलेले. कडूबा ते ओठ बघत होता आणि मनात नाही, नाही म्हणत होता. त्याचे डोळे वाहत होते आणि हात मांडीवर घट्ट धरलेले होते. दिवस मावळायच्या जरा आधी ओठ हलायचे थांबले.

सिस्टर आली. तिनं नाडी पाहिली, बाटली बंद केली, सुई काढली. मग चादर वर ओढता ओढता तिचं लक्ष तोंडाकडं गेलं आणि ती थांबली.

"बाबा, ओठ किती सुकलेत यांचे. कापसाचा बोळा भिजवून ओठांना लावायचा की मधून मधून. तेवढ्यानं काही झालं नसतं. मी पाजायचं नाही म्हटलं होतं."

कडूबा उठून उभा राहिला. त्यानं सिस्टरकडं पाहिलं, कॉटखालच्या तांब्याकडं पाहिलं.

"मले काय माईत, बाई," तो म्हणाला. "मले वाटलं, नाही म्हंजे मुळीच नाही."